एकरेघ मांत्रिकाचे जाजम

एका राज्यात घडलेली ही गोष्ट खरी आहे, देवाशपथ खरी. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पाहिली नाही, तेव्हा तो जन्मायचा होता. पण ज्याने पाहिली त्याच्या तोंडून ऐकली. तोही तसा त्या गावचा नव्हता. असो. खऱ्या गोष्टीची इतकी चौकशी कशाला?

तर त्या राज्यात राजा धीरसेन राज्य करीत होता, आणि त्याच्या सभेत भिवराबाई फर्राशीण जाजम अंथरीत होती. फर्राशीचे काम म्हणजे बैठकीचे काम. जाजम झटकावे, लोड लावावेत आणि ज्याला त्याला त्याची जागा दाखवावी. हे शेवटचे काम सगळ्यांत अवघड.

कारण त्या राज्याची रीतच तशी होती. सभेपुढे रोज एकच प्रश्न येई, आणि भिवराबाई दारात उभी राहून प्रत्येकाला त्याचे मत विचारी. बदल हवा म्हणणारे राजाच्या डाव्या हाताला, आहे ते राखा म्हणणारे उजव्या हाताला. "बघू" म्हणणारे मध्ये. त्यांच्या वाट्याचा लोड जरा पातळ असे. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदले, जागाही बदलत. काल धरणाच्या वादात डावीकडून ओरडणारा कुंभार आज लग्नाच्या नियमांवर उजवीकडे बसे आणि कालच्या वैऱ्याच्या डब्यातले पान खाई. काय दिवस होते ते! सभा उठली की जाजमावर पानाचे डाग राहत, आणि कोणता डाग कोणत्या बाजूचा हे भिवराबाईलाही ओळखता येत नसे.

भिवराबाईचा नवरा केरोबा तळ्याचा राखणदार. तरुणपणी तो सगळ्यांत डावीकडे बसे. तेव्हा तळे फक्त मानकऱ्यांचे होते. केरोबा सात दिवस सभेत उभा राहिला आणि एकच म्हणत राहिला, "पाणी सगळ्यांचं करा." आठव्या दिवशी पाणी सगळ्यांचे झाले. भिवराबाईने त्याला तेव्हाच मनात धरले. पुढे वीस वर्षे त्याला जागा दाखवताना तिचा हात लोडावर जरा जास्तच रेंगाळे.

एके दिवशी उत्तरेच्या रानातून एकरेघ नावाचा मांत्रिक आला. त्याला डोळा एकच होता, आणि त्या डोळ्याला सारे जग एका रेषेत दिसे. खांद्यावर जाजमाची वळकटी होती.

"राजा," तो म्हणाला, "रोज विचारायचं, रोज बसवायचं, ही कटकट कशाला? हे जाजम माणसाचा पिंड ओळखतं. ज्याची जी जागा ती त्याला देईल. एकदाच आणि कायमची."

राजाला भांडणांचा कंटाळा आला होता. "अंथरा," तो म्हणाला. भिवराबाईला कुणी विचारले नाही.

जाजम अंथरले. सभासद आपोआप सरकत गेले, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, आणि बसले ते चिकटलेच. मग जाजम मधूनच लांबू लागले. पहिल्या दिवशी पन्नास हात, दुसऱ्या दिवशी पाव कोस. इकडची शिंक तिकडे शिवी होऊन पोहोचे. तिसऱ्या दिवशी माणसे विणीत उतरू लागली. आधी नखे गेली, मग घोटे. जिथे पाय होते तिथे रंगीत सूत.

भिवराबाई केरोबाला शोधीत धावली. तो सापडला उजव्या टोकाला.

"अहो, तुम्ही इथे कसे? तुमची जागा पार तिकडे!"

"तेच मीही सांगतोय, पण जाजम ऐकेल तर ना. त्यानं विचारलं, तळ्याचं काय करावं? मी म्हटलं, आहे तसं राहू दे. झालं, आणलं ओढत इकडे." केरोबा हसला. गुडघ्यापर्यंत तो सुताचा झाला होता. "आणि शेजारी बघ कोण! ज्याच्याशी सात दिवस भांडलो तोच मानकरी. त्यालाही आता तळं आहे तसंच हवंय. नात पोहते त्याची तिथे."

"पोहते हो, छान पोहते," मानकरी म्हणाला. तो कमरेपर्यंत गेला होता.

भिवराबाई तडक मांत्रिकापुढे उभी राहिली. "माझा माणूस सोडा."

"आज सूर्य डोक्यावर येईतो हे सगळे नक्षी होतील," एकरेघ म्हणाला. "माझी तीन कोडी सोडवलीस तर सुटतील. चुकलीस तर तूही काठाची वेलबुट्टी. पहिलं कोडं: डावा कोण आणि उजवा कोण?"

सभेच्या तुळईवर एक साळुंकी राहत असे. ती तीनशे वर्षे सभा ऐकत होती, तेव्हा तिला बोलता येई यात नवल ते काय.

"राजाचे हात बघून सांगू नकोस, भिवरे," साळुंकी वरून म्हणाली. "राजाने तोंड फिरवलं की हातही फिरतात. उंच-सखल बघ."

भिवराबाई मांत्रिकाकडे वळली. "कुणी वर, कुणी खाली हे माणसांनीच केलं, तेव्हा माणसांनीच ते सपाट करावं, असं ज्याला वाटतं तो डावा. हे पिढ्यांच्या अनुभवातून आलंय, घाईने सपाट कराल तर घरंच कोसळतील, असं ज्याला वाटतं तो उजवा. आणि झोप दोघांनाही लागत नाही, काळजीने."

जाजम निम्मे आखडले. एकरेघाने ओठ चावला आणि झोळीतून तीन माणसे काढून जमिनीवर ठेवली.

"दुसरं कोडं: यांना बसव."

पहिला गरजला, "सगळ्यांना सारखं वाटा! न ऐकेल त्याला राजाने दंडुक्याने ऐकवावं!"

दुसरा म्हणाला, "सगळ्यांना सारखं वाटा! आणि राजाच नको!"

तिसरा म्हणाला, "राजाने माझ्या तराजूला हात लावू नये, आणि मी कुणाशी लग्न करतो तेही बघू नये."

जाजमाने पहिल्या दोघांना डाव्या टोकाला एकाच लोडावर आदळले. क्षणात ते एकमेकांच्या शेंड्या उपटू लागले. तिसऱ्याचा एक पाय उजवीकडे ओढला गेला आणि एक डावीकडे, आणि तो किंचाळू लागला.

भिवराबाईने जाजमाचा काठ उलटून पाहिला, आणि कपाळावर हात मारला.

"अहो मांत्रिकबुवा, यात नुसता ताणा आहे! बाणा घातलाच नाहीत? नुसत्या उभ्या धाग्यांचं कापड होतं का कधी?"

तिने पदराचा धागा उसवला आणि जाजमात आडवा ओवला. धाग्याचे एक टोक तिने राजाच्या दंडुक्याला बांधले, दुसरे त्याच्या रिकाम्या हाताला. पहिला घरंगळत दंडुक्याकडे गेला, दुसरा रिकाम्या हाताकडे. तिसऱ्याचे दोन्ही पाय जुळले आणि तोही रिकाम्या हाताशीच, पण उजव्या अंगाला, ऐसपैस बसला. तिघांनाही कोपर हलवायला जागा मिळाली.

"तिसरं!" एकरेघ ओरडला. "मध्य दाखव. बरोबर मध्य!"

भिवराबाईने हातांनी मोजायला घेतले. पण मोजता मोजता टोके सरकत, आणि मध्य निसटे. सूर्य चढत होता. केरोबा गळ्यापर्यंत सुताचा झाला होता. तिने वर पाहिले.

"मला विचारू नकोस," साळुंकी म्हणाली. "वरून मला सगळेच मध्ये दिसतात."

भिवराबाई तिथेच बसली. तिला तळ्याच्या पायऱ्या आठवल्या. पाणी मोकळे झाले त्या सकाळी सगळा गाव घागरी घेऊन उतरला होता आणि घागरींचा नुसता खणखणाट चालला होता. केरोबा मात्र पाण्यात न उतरता काठावरून बघत राहिला होता, हात पाठीमागे बांधून. आजही तो तसाच बघत असे.

"कोणत्या सालचा मध्य?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"मुलींनी अक्षर गिरवावं म्हणणारा माझ्या आजीच्या वेळी डाव्या टोकाला एकटा बसायचा. आज उजव्या टोकाचेही लेकींना पाटी घेऊन देतात. माझा माणूस तळ्याच्या काठावर होता, तो तिथेच आहे. सरकलं ते जाजम. मध्य कुठे खिळा ठोकून ठेवलेला नसतो, बुवा. कोण आलं, कोणता प्रश्न घेऊन आलं, त्यावर तो रोज नवा पडतो."

"शब्दांचे खेळ!" एकरेघ केरोबावर वाकला. "तूच सांग रे, तू डावा की उजवा?"

केरोबाने सुताच्या गळ्यातून कसाबसा आवाज काढला. "कशाबद्दल?"

 हे एकरेघाने कुणाला कधी विचारलेच नव्हते. त्याच्या कपाळावर दुसरा डोळा फुटला. त्याला प्रथमच दिसले की जगाला रुंदी आहे, आणि तो जो घाबरला तो रानाकडे पळत सुटला.

जाजमाची गाठ सुटली. सुताचे पाय झाले, पायांना नखे आली. जाजम आखडून होते तेवढे झाले, शाप संपला, आणि सारी सभा एका दमात उठून उभी राहिली. राजाने मान खाली घालून म्हटले, "भिवराबाई, उद्यापासून पुन्हा दारात उभ्या राहा." तिने आधी केरोबाचे गुडघे चाचपले, मग होकार दिला.

आता कबुली. मांत्रिक खरा, साळुंकी खरी, जाजमही खरे. पदरचे घातले ते एवढेच, की सारी सभा उठली. खरे म्हणजे निम्मी सभा उठलीच नाही. पाय मोकळे होते, पण बसून बसून शेजारी आवडू लागले होते. केरोबा मात्र उठला. लंगडत लंगडत तो जाजमाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे फुगून बसलेल्या एका विणकराला म्हणाला, "पाव्हणं, जरा सरकता का?"