तीन बोटांचं माप

आगरकोंडच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. भरतीला त्याचा नुसता माथा दिसतो. नारळी पुनवेला दर्याला नारळ देण्याआधी गावातलं प्रत्येक नवं जाळं त्या खडकावर नेतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुडपते, उरलेली तीन बोटं जुळवते आणि जाळ्याच्या भोकातून घालून बघते. पाहुण्यांना हसू येतं. गावातले जुने होडीवाले गोमाजी नाखवा त्यांना पोटभर हसू देतात, मग म्हणतात, "झालं? आता बसा. खडक तापायच्या आत सांगतो."

फार मागे इथे पोशा तांडेल होता म्हणे. तो मासळी धरायचा आणि त्याची बायको धाकूबाय पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकायची. श्रावणात होड्या वर ओढलेल्या असत, पण त्याच दिवसांत मासळी अंडी घालायला खाडीत शिरते, हे पोशाला ठाऊक होतं. गाबोळी भरलेल्या मासळीवर गिऱ्हाईक तुटून पडे. त्याने तांदळाचा दाणा सुटणार नाही असं बारीक जाळं विणलं आणि खडकापासून पलीकडच्या काठापर्यंत खाडीचं तोंडच बांधून टाकलं. सगळ्या गावाने त्याची पाठ थोपटली.

खोट पहिल्यांदा कळली ती धाकूबायला. जिच्या पाटीत चार रावस मावत नसत, तिच्या पाटीत आता चाळीस घातले तरी तळ दिसे. ती नवऱ्याला म्हणाली, "अरे, आपण पोरं विकतोय दर्याची." पोशा म्हणाला, "तू पाटी सांभाळ. दर्या काय आटतोय?"

दर्या आटला नाही, मासळी आटली. तीन वर्षांत तीस चुलींपैकी एकोणीस विझल्या, माणसं पोटामागे परमुलखात गेली. धाकूबायला एकच लेक, मंजुळ. वाडीतच दिलेली. एके दिवशी तीही म्हणाली, "आये, या पुनवेनंतर आम्हीपण निघतो." आणि त्याच आठवड्यात पोशाने पुन्हा खाडीला जाळं बांधलं.

सकाळच्या ओहोटीला ती कोयती घेऊन खडकावर गेली. असं सांगतात की ती दर्याला म्हणाली, "तुझी पोरं तुला सोडते. माझी मला राख." दोर चिवट होते, कापता कापता भरती लागली. शेवटचा दोर सुटताना जाळ्याला ओढ बसली, दोराचा फास तिच्या हातावर आवळला आणि दोन बोटं घेऊन गेला.

पोशा धावत आला तो शिव्या देतच. तिचा हात पाहिला आणि डोक्याचं फडकं सोडून तो बांधायला लागला. पुढे जखम भरल्यावर तो नवं जाळं विणायला बसला, तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि उरलेली तीन बोटं तिने विणीत घातली. "एवढ्यातून जाईल ते दर्याचं. अडकेल ते आपलं."

लगेच काही चमत्कार झाला नाही. मंजुळ गेलीच. दोन वर्षं गावाने कालवं, तिसऱ्या असल्या शिंपल्यांवर काढली, पोशाला लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. तिसऱ्या वर्षी रावस आला, पाटीबाहेर शेपूट लोंबेल असा. तो वाफेवर शिजतोय तोवर मंजुळ पोरांना घेऊन दारात उभी होती म्हणे. कुणी सांगावा धाडला, ते कुणालाच माहीत नाही.

आजही माप तेच आहे. बोटं अडली तर जाळ्याचा धनी स्वतःच कोयती उचलतो आणि जाळं कापून टाकतो. गेल्या वर्षी पुनवेला नाखव्यांच्या थोरल्याचं जाळं अडलं, नवं कोरं. माप घेणारी म्हातारी त्याची सख्खी आई. पोरगा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मग?" पाहुणे विचारतात.

"मग काय! बोटं माझ्याच बायकोची, ती काय खोटं बोलणार? पोराचा हात उठेना, म्हणून कोयती मी घेतली," गोमाजी म्हणतात, आणि भरती लागली म्हणून सगळ्यांना खडकावरून उठवतात.