विरळ विणीची टोपली

ज्याला काही दुखत नाही, त्याला औषध कशाला हवं असतं? हे मी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, राजाच्या शिपायाला विचारलं, देवराईतल्या वडालाही विचारलं. कुणीच सांगितलं नाही. म्हणून लहानथोर हो, आता तुम्हीच ऐका.

खूप खूप वर्षांमागे, जंगलांना अजून मालक नव्हते तेव्हा, एका डोंगरावर आमचा पाडा होता. वरच्या देवराईत पावसाच्या शेवटी निळी अळंबी उगवायची. ती पोटासाठी नव्हती. माणूस मरायला टेकला आणि त्याला जायची भीती वाटू लागली, तरच ती द्यायची. मग त्याला त्याचे गेलेले आईबाप दिसायचे आणि तो निवांत व्हायचा. ती देणारी होती आमची भगतीण, माझी थोरली बहीण.

ताई अळंबी आणायची ती विरळ विणीच्या टोपलीतून, म्हणजे वाटभर तिचं बी सांडत यायचं आणि पुढच्या पावसात नवी उगवायची. खाणाऱ्याचा हात कुणीतरी धरून बसायचं आणि तो निवांत होईपर्यंत सोडायचा नाही. आणि ‘मला मरणाची भीती वाटते’ असं जो म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही. हे वाक्य आमच्यात कुणी खोटं बोलतच नसे.

एके दिवशी शहरातून एक पाहुणा आला. निळी अळंबी खाल्ली की झाडं गातात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

ताई म्हणाली, “पाहुण्या, भाकर खा, पाणी पी. ते मात्र मागू नकोस.”

मग तो माझ्याजवळ येऊन बसला. त्याने मला हस्तिदंती मुठीची सुरी दिली. “तुझी बहीण फार कडक आहे बुवा,” तो म्हणाला.

मी हसलो. “कडक कसली! नुसतं म्हणा, मला मरणाची भीती वाटते. बघा कशी विरघळते.”

एवढंच बोललो मी. सुरी चांगली होती.

त्याने ते वाक्य म्हटलं. ताईने त्याच्या लाल गालांकडे बराच वेळ पाहिलं. “खरं बोलतोस?” “अगदी खरं.” तिने दिली. तिला द्यावीच लागली. त्याचा हातही तीच धरून बसली.

पुढच्या वर्षी डोंगराच्या पायथ्यापासून रांग लागली. सगळ्यांच्या तोंडी तेच वाक्य. एकाच्या तोंडात तर लाडू होता. “मरणाची भीती वाटते हो भगतीणबाई! आणि दोन जास्त द्या, मेव्हण्यालाही वाटते.”

राजाने पायथ्याशी जकात बसवली. धर्मशाळा उठल्या. रांगेला कंटाळलेले लोक स्वतःच देवराईत शिरले. मातीसकट अळंबी उपटून रेशमी पिशव्यांत कोंबू लागले. पिशवीतून बी सांडत नाही. त्यांचा हात धरायलाही कुणी नव्हतं. प्रधानाचा मुलगा ‘मी घार आहे’ म्हणत कड्यावरून झेपावला आणि मेला.

मग दवंडी पिटली. निळी अळंबी हे विष आहे. जो तोडील, ठेवील किंवा देईल, त्याला कैद. पाहुणे दोन दिवसांत पसार झाले. त्यांना दुसरे डोंगर होते.

त्याच आठवड्यात शेजारचे म्हातारबाबा मरायला टेकले. त्यांनी ताईला बोलावलं आणि ते वाक्य म्हटलं.

मी म्हणालो, “ताई, नको. शिपाई पाड्यातच आहेत.”

“खोट्यांना दिली रे मी,” ती म्हणाली. “आता खऱ्याला नाही म्हणू?”

उतरंडीत जपलेली शेवटची वाळकी अळंबी तिने त्यांना दिली. म्हातारबाबा हसत गेले. ताईला शिपायांनी दोर बांधून नेलं.

कैदेत तिला ताप भरला. मी भेटायला गेलो तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. गजांजवळ येऊन ती हळूच म्हणाली, “भाऊ, मला मरणाची भीती वाटते.”

मी तसाच धावत सुटलो. पावसाचा शेवट होता, अळंबीचेच दिवस. चार दिवस देवराईतलं झाडन् झाड पाहिलं. तुडवलेला चिखल होता आणि एक फाटकी रेशमी पिशवी. मी घरी गेलो, ताईची टोपली उचलली आणि तशीच रिकामी घेऊन आलो.

पहारेकऱ्याने ती उलटी करून झटकली. “यात काहीच नाही. मग आणलीस कशाला?”

मी ती उचलून गजांपाशी धरली.

ताईने टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे. “ते वाक्य त्या पाहुण्याला तूच शिकवलंस ना?”

“हो.”

“त्या सुरीसाठी?”

“हो.”

“धार तरी बरी आहे का रे तिला?”

मी गजांवर डोकं आपटून घेतलं. तिने हात बाहेर काढला. मी तो धरला. भर दुपार होती. “कुणी दिसत नाही रे,” ती म्हणत राहिली, “आई दिसत नाही.” पहारेकरी म्हणाला, वेळ संपली. मी हात सोडला नाही. हात गार झाला, तरी सोडला नाही. निवांत होईपर्यंत सोडायचा नाही असं होतं, आणि ती निवांत झाली नव्हती. शेवटी पहारेकऱ्यानेच माझी बोटं एकेक करून सोडवली.

जे आपल्या एकट्याचं नाही, ते एका शब्दानेही कुणाला देऊन टाकू नये.