उंबऱ्याखाली पुरलेला करार

एका राज्यात, जिथे डोंगरांना हाक मारली की ते उत्तर देत आणि कासवे आपला दरबार भरवत, शुभ्रा नदीच्या काठी कांकणपूर नावाचे लहानसे नगर होते. तिथे दरसाल सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकत. ज्याची चिठ्ठी निघे, त्याच्या हाती वर्षाचा कारभार येई. त्या साली चिठ्ठी निघाली वेणाईची.

वेणाई दोरखंड वळणारी. हात राठ, बोलणे सरळ. तिची लेक सगुणा नदीपल्याड सासरी होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. पल्याड सुईण नव्हती. सुईण होती अल्याड, गौराक्का. आणि मधे होता कुहकनाथ मांत्रिकाचा पूल.

हा पूल धुक्याचा होता. सूर्य उगवला की घट्ट होई, त्यावरून बैलगाडी जाई. सूर्य माथ्यावर आला की विरून जाई. सात वर्षे असेच चालले होते. दुपारनंतर ज्याला पलीकडे जायचे, त्याने काठावर बसून राहायचे.

"सभेत मी पहिला प्रश्न हाच विचारणार," वेणाई गौराक्काला म्हणाली. "बाळ काही वेळ विचारून येत नाही."

सभेचा दिवस आला. वेणाईने सभागृहाचा उंबरा ओलांडला. समोर कुहकनाथ उभा होता. पांढरी दाढी, राखी शाल, हातात झेंडूचे फूल.

"पुढल्या वर्षीही पुलाचं काम माझ्याकडे असावं," तो म्हणाला. "मोबदला एक झेंडूचं फूल. कारभारीणबाई, मान्य?"

पूल दुपारी का विरतो, असे विचारायला वेणाईने तोंड उघडले. तोंडातून शब्द आला, "होय."

तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "होय." बाकावरचे दहा पंच माना खाली घालून म्हणाले, "होय, होय, होय." नगरातले दिवे, तळे, वेशीची डागडुजी, सगळी कामे एका घटकेत कुहकनाथाकडे गेली.

वेणाई बाहेर आली आणि वळचणीखाली मटकन बसली. डोळ्यांत पाणी, मनात संताप. वळचणीला एका साळुंकीचे घरटे होते. साळुंकी म्हणाली, "रडू नकोस. तुझ्याआधी सहा कारभाऱ्यांचं असंच झालं."

"पण का?"

"सात वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यानं दार लावून, कुणाला न विचारता, पहिला करार केला. कुहकनाथानं तो या उंबऱ्याखाली पुरला. आता जो उंबरा ओलांडतो, त्याचा प्रश्न आणि त्याचा नकार घशातून निघून उंबऱ्याखाली जाऊन पडतो."

"यावर उपाय?"

"तीन कामं कर. पुलाचं काम करू शकतील असे आणखी दोघे शोधून आण. सभेचा नगारा उघड्यावर आण, कारण नगारा असेल तिथेच सभा. आणि सगळ्यांची बोली सगळ्यांदेखत पारखून घे. एवढं झालं तर शाप टिकणार नाही."

दुसऱ्या दिवशी वेणाईने नवा दोरखंड घेतला, हाताहातावर गाठ मारली आणि धुक्याच्या पुलावरून नदीची रुंदी मोजली. चारशे बारा गाठी भरल्या. तो दोर खांद्यावर टाकून ती डोंगराकडे निघाली.

डोंगरात पाषाणी राक्षसीण राहत असे. ती टेकडीला टेकून बोराएवढे धोंडे चघळत बसली होती. तिच्या मानाने बोराएवढे. माणसाच्या मानाने घराएवढे.

"पाषाणी, आमच्या नदीवर पूल बांधशील?"

"शंभर वर्षांत कुणी विचारलं नाही," पाषाणी म्हणाली. "जे येतात ते मला पाहून पळतात. नदी केवढी?"

वेणाईने दोर उलगडला. पाषाणीने करंगळीने एकेक गाठ मोजली आणि खूष होऊन हसली. तीन दऱ्यांत दगड गडगडले. "मोजून आलीस म्हणजे काम खरं आहे. मी येते."

तिथून वेणाई डोहाकाठी गेली. डोहात कूर्मराज, कासवांचा राजा. तो म्हणाला, "माझी हजार कासवं कवचाला कवच लावून उभी राहतील, त्यांच्यावरून माणसं जातील. पण एका नगरानं मला एकदा फसवलं. अंडी घालायला वाळू देऊ म्हणाले आणि वाळू उपसून नेली."

"आमच्याकडे करार वेशीवरच्या भिंतीवर लिहू. येणाराजाणारा वाचील."

"मग मी येतो."

राहिला नगारा. तो सभागृहाच्या मधोमध होता. आत गेलेल्याने तो उचलू पाहावा, तर तो पहाडासारखा जड होई. वेणाई उंबऱ्याबाहेरच थांबली. तिने दोरखंडाचा फास केला आणि फेकला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा नगाऱ्याला बसला. तिने ओढले. नगारा तसूभर हलला नाही. तिचे तळहात सोलवटले.

घामाघूम होऊन ती ओरडली, "अरे, हा पूल दुपारी विरतो का?"

नगारा हातभर सरकला.

वळचणीवरून साळुंकी चिवचिवली, "बाहेर घशाला बंधन नाही! विचारा, विचारा!"

गौराक्का धावत आली, दोर धरला. "माझ्या गल्लीतला दिवा सणालाच का पेटतो?" नगारा हातभर पुढे. लोहार आला. "तळ्याचा गाळ काढला म्हणता, मग तो गेला कुठे?" आणखी हातभर. मग सगळे नगर लोटले. म्हातारे, लेकुरवाळ्या, गुरवाचे पोर, पंचसुद्धा. एकेक जण प्रश्न विचारी आणि ओढी. शेवटी कुणीतरी विचारले, "अहो, हे आपण आधीच का नाही विचारलं?" तसा नगारा हरणासारखी उडी मारून उंबऱ्याबाहेर येऊन पडला, आणि सगळे नगर एकमेकांच्या अंगावर कोसळून हसू लागले.

चौकात नगारा वाजला, सभा भरली. पाषाणी बाजाराच्या कडेला मांडी घालून बसली. तिच्या सावलीत अर्धे नगर बसले. कूर्मराज ओल्या गोणपाटावर बसला. कुहकनाथ आला, पण त्याची शाल जरा घाईने पांघरलेली दिसत होती.

वेणाई उभी राहिली. ती म्हणाली, "प्रत्येकानं आपली बोली सांगावी, आणि या हौदावर हातभर पूल करून दाखवावा."

पाषाणी म्हणाली, "चाळीस टोपल्या गूळ. आणि दरसाल पुलाच्या फटींतली पिंपळाची रोपं तुम्ही उपटायची." तिने चिमटीने तीन दगड बसवले.

कूर्मराज म्हणाला, "चार महिने आमच्या वाळूला हात लावायचा नाही." पाच कासवे हौदात उतरली.

कुहकनाथ म्हणाला, "एक झेंडूचं फूल." त्याने फुंकर घातली. हौदावर मोत्यासारखा सुंदर पूल उभा राहिला. तिन्ही पुलांत तोच देखणा होता. लोकांत कुजबूज झाली, की फूल तर फुकटच म्हणायचे.

"थांबा," वेणाई म्हणाली. "दुपार होऊ द्या."

सगळे बसून राहिले. ऊन चढले. सूर्य माथ्यावर आला आणि मोत्यासारखा पूल हौदात विरघळला.

लोहाराने कूर्मराजाला विचारले, "महाराज, पुरात?"

"पुरात आम्ही डोहाच्या तळाशी असतो," कूर्मराज म्हणाला. "खोटं कशाला सांगू?"

"आणि पाषाणी, तुझा?"

पाषाणीने हौद उचलून उपडा केला. पाणी सांडले, कासवे अंग झाडत बाजूला झाली, तीन दगड मात्र हौदाच्या काठाला होते तिथेच घट्ट राहिले.

वेणाईने विचारले, "कुहकनाथाची बोली मान्य आहे?"

सात वर्षांनी कांकणपूरने तो शब्द उच्चारला. आधी एक म्हातारी हळूच म्हणाली, मग दहा पंच, मग सगळा चौक. "नाही!"

सभागृहाचा उंबरा तडकला. आतून चिमण्यांचा थवाच्या थवा उडाला. प्रत्येक चिमणी एकेक गिळलेला प्रश्न होती. जिचा जो धनी, त्याच्या खांद्यावर ती बसली आणि कानात बोलू लागली. लोक त्या त्या क्षणी ते ते विचारू लागले. सभा दिवस मावळेतो चालली. वेणाई प्रत्येकाला म्हणे, "बोला, ऐकते आहे." कुहकनाथालाही उत्तरे द्यावी लागली, आणि ती द्यायची सवय नसल्याने तो वरचेवर पाणी मागत होता.

पाषाणीने तीन दिवसांत दगडी पूल उभा केला. पाचव्या दिवशी भर दुपारी पल्याडहून हाक आली. गौराक्का पदर खोचून पुलावरून धावली, वेणाई तिच्या मागे. दिवेलागणीआधी सगुणेला मुलगी झाली. नात कुशीत घेऊन वेणाई हसली आणि रडली. पल्याडच्या गुऱ्हाळवाल्यांनी त्याच संध्याकाळी गुळाच्या पहिल्या दहा टोपल्या पाषाणीसमोर नेऊन ठेवल्या.

कूर्मराजाकडे तळे राखायचे काम आले. उन्हाळ्यात बाजारावर सावली कोणी धरावी, म्हणून सभेने बोली मागवल्या, तेव्हा रांगेत सर्वांत शेवटी, शाल नीट घडी करून, कुहकनाथ उभा होता.

"धुक्याचं छत," तो खाली पाहत म्हणाला. "फक्त दुपारपर्यंत टिकतं. तेवढं आधी सांगितलेलं बरं."

चौकात हशा पिकला. वेणाईने पंचांकडे पाहिले, पंचांनी लोकांकडे पाहिले. सकाळच्या भाजीबाजाराला तेवढी सावली पुरे, असे ठरले. महिनाभर काम पाहून पुढचे बोलायचे. सकाळी कोथिंबिरीवर दव पडू लागले आणि भाजीवाल्या खूष झाल्या.

सांगणाऱ्याचे सांगून झाले. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला काही विचारायचे असेल, तर खुशाल विचारा.