शिडी उतरली नाही त्या वर्षीची पेरणी

एका टेकडीखाली एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि हा विषय निघाला की अजूनही गालातल्या गालात हसून दुसरीकडे बघतात. गाव काळ्या जमिनीचं. पावसाळा सरत आला की तिथे शाळू पेरतात, म्हणजे थंडीतली ज्वारी, आणि वर्षभर तिचीच भाकरी खातात. ही गोष्ट फार जुनी आहे, पण शाळू तोच आहे आणि भाकरीही तीच.

त्या गावात म्हादबा नावाचा सुतार होता. पाभर करावी तर म्हादबानेच, असं चार गावं म्हणायची. पाभर हे बी पेरायचं लाकडी अवजार. बैल ती ओढतात, एक माणूस तिचा दांडा धरून तास, म्हणजे पेरणीची ओळ, सरळ ठेवतो आणि दुसरं माणूस वरच्या चाड्यात मुठीने बी सोडतं. म्हादबा शिड्याही करायचा, माळ्यावर चढायच्या आणि विहिरीत उतरायच्या. एका दुपारी रंधा मारता मारता त्याचा डोळा लागला आणि आभाळातून एक सोन्याची शिडी खाली येताना त्याला दिसली. सुताराच्या स्वप्नात शिडी आली यात नवल काही नाही. पण तिच्या पायऱ्या इतक्या सारख्या होत्या, सांधे इतके बेमालूम होते, की जागा झाल्यावर त्याला रडूच आलं. त्याने ते स्वप्न ज्याला त्याला सांगितलं, आणि सांगता सांगता तो हवेत पायऱ्या अशा कोरून दाखवायचा की ऐकणाऱ्याचेही डोळे भरायचे.

वर्षभरात सुताराचे शिडीवाले महाराज झाले. टेकडीवर झोपडी झाली, गुरुवारी भजन सुरू झालं, गळ्यात हार पडू लागले. केरोबा मापाडी त्यांचा पट्टशिष्य झाला. बाजारात धान्य मापता मापता केरोबाला कशाचंही मोजमाप करायची सवय लागली होती. शिडी येणार हे ठीक, पण कधी येणार, हे त्याला हवं होतं. त्याने स्वप्नातल्या पायऱ्या विचारून घेतल्या, पंचांग उघडलं, बोटांची पेरं मोजली आणि घटस्थापनेची भर दुपार काढली. शिडी राहीआक्काच्या रानात टेकणार, सगळा गाव वर जाणार. "असंच ना, महाराज?" असं त्याने विचारलं. म्हादबाला तिथी कुणी सांगितली नव्हती, पण समोर सगळे इतक्या आशेने बघत होते की त्याने मान हलवली. पुढचं सगळं त्या एका मान हलवण्यातून झालं.

मग गावात काय उत्साह! रोज सकाळी टेकडीवर शिडी चढायचा सराव सुरू झाला. राहीआक्का गावातली वडीलधारी बाई, साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार. पायऱ्यांमध्ये अंतर किती असेल, अशी तिने चौकशी केली. म्हादबाने प्रामाणिकपणे सांगितलं की वीतभरच होतं, चढायला सोपी आहे. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिने आपलं सगळ्यात चांगलं रान शिडी टेकायला मोकळं ठेवलं. वर काही न्यायचं नाही असं ठरल्यावर लोकांनी वर्षाचे पापड, कुरडया, लोणची खाऊन संपवली. नेहमीप्रमाणे रानं कुळवून तयार होती, पण पेरली कुणीच नाहीत. निघायच्या आधी कोण पेरत बसतं?

घटस्थापनेला गाव धुतलेले कपडे घालून राहीआक्काच्या बांधावर उभा राहिला. दुपार झाली. सगळ्यांनी माना वर केल्या. एक घार येऊन गेली. माना आखडल्या, पोरं भुकेने कुरकुरू लागली, सावल्या लांबल्या. आता काय, असं प्रत्येकाच्या तोंडावर आलं, तेवढ्यात केरोबाने कपाळावर हात मारून घेतला. मधल्या क्षयतिथी धरायच्या राहिल्या होत्या म्हणे. पंचांगातून गळलेल्या तिथी मिळवल्या की बरोबर दसरा येतो. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि आनंदाने घरी गेले.

म्हादबाला तेव्हाच मनातून कळलं होतं. शिडी यायची असती तर आली असती. त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एका म्हाताऱ्याने जाता जाता त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्याला बोलवेना. खरं सांगायचं तर हारही आवडायला लागले होते.

दसऱ्याची दुपारही तशीच गेली. या वेळी घारसुद्धा आली नाही. पण केरोबा तयारीत होता. तो बांधावर उभा राहून म्हणाला की शिडी आली, फक्त सूक्ष्म रूपाने आली. आपण सगळे चढलोही. हाच स्वर्ग. लोकांनी आजूबाजूला पाहिलं. तेच रान, तीच टेकडी, तीच शेपटी हलवणारी म्हैस.  मग एकाने हळूच आपट्याचं पान दुसऱ्याच्या हातात दिलं आणि लोक एकमेकांना स्वर्गात आल्याबद्दल सोनं वाटू लागले.

"स्वर्गात आलो तर माझे गुडघे का दुखतात?" राहीआक्काने विचारलं.

"नवीन जागा आहे, आक्का," केरोबा म्हणाला. "दुखायचे थांबतील हळूहळू."

"आणि पेरणी?"

"स्वर्गात पेरावं लागत नाही. आपोआप उगवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हादबा टेकडी उतरून रानात आला. त्याने मूठभर माती उचलून दाबली. ढेकूळ झालं, पण हात उघडताच अर्धं विरून गेलं. शाळू जमिनीच्या ओलीवर येतो. ओल आता चार दिवसांची सोबती होती. ती उडाली की बी कोरड्या मातीत पडून राहणार, आणि पुढच्या वर्षी गावातल्या एकाही तव्यावर भाकरी पडणार नाही. घरातले पापडसुद्धा आपल्याच पायी संपले, हे त्याला आठवलं. त्याने लगेच गाव गोळा केला.

"शिडी आली नाही," तो म्हणाला. "सूक्ष्म नाही आणि जाडीही नाही. मला स्वप्न पडलं तेवढं खरं. बाकी सगळं माझं चुकलं. पेरायला लागा."

 मग मागून कुणीतरी हुंदका दिला. एवढे मोठे महाराज आणि स्वतःकडे कमीपणा घेतात, याने सगळ्यांना भरून आलं. केरोबाने हात जोडून समजावलं की ही परीक्षा आहे, कोण डगमगतं ते महाराज पाहताहेत. म्हादबाने परत सांगितलं. त्याच्या गळ्यात हार पडला. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तेव्हा त्याच्या पाया पडायला रांग लागली. बिचारा हतबल होऊन खाली बसला, तर सगळा गावही त्याच्याबरोबर खाली बसला.

मग त्याने बोलणंच सोडलं. उठून आपल्या बंद पडलेल्या सुतारशाळेत गेला, कोपऱ्यातली एक पाभर झटकली आणि खांद्यावर घेऊन राहीआक्काच्या दारात उभा राहिला. बैल आणि बियाणं मागितलं. तिने कशासाठी म्हणून विचारलं नाही. बैल सोडून त्याच्या हाती दिले, बियाण्याची ओटी भरून दिली आणि काठी टेकत त्याच्या मागोमाग निघाली.

म्हादबा थेट शिडी टेकायच्या रानात शिरला. तिथे महिनाभर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. गाव धावत आला आणि बांधावर रांगेने उभा राहिला. महाराजांनी पाभर जुंपलेली पाहून केरोबाने डोळे मिटले आणि ही लीला आहे, असं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी हात जोडले.

आता एक गंमत बघा. म्हादबाने आयुष्यभर पाभरी घडवल्या होत्या, पण एकदाही चालवली नव्हती. त्यातून तो एकटा. दांडा धरला तर बी सांडायचं, चाड्यात मूठ सोडायला गेला तर पाभर उसळी घ्यायची. बैलांना कळेना की या माणसाला नक्की जायचंय कुठे. पहिला तास बांधापासून निघाला आणि बाभळीकडे वळला. दुसरा त्याला आडवा कापून गेला. मध्येच मूठभर बी एका जागी पडलं आणि पुढे दहा पावलं काहीच नाही.

बांधावरचे जोडलेले हात हळूहळू सुटू लागले. ती सगळी शेतकऱ्यांची जात. शिडी आली नाही हे त्यांनी दोनदा पचवलं होतं, स्वर्गात भूक लागते हेही पचवत होते. पण वाकडा तास? एक जण नकळत "डावीकडं, डावीकडं" असं पुटपुटला. दुसऱ्याने दातओठ खाल्ले. एक बाई तर तोंड फिरवून उभी राहिली, कारण तिला ते बघवेना.

"लीला आहे," केरोबा पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने.

"लीला असू दे नाहीतर काय असू दे," राहीआक्का म्हणाली, "तास वाकडा आहे."

आणि ती बांध उतरली. गुडघे धरत, कण्हत, पण थेट पाभरीपाशी. एवढे महिने ती म्हादबाला अहोजाहो करत होती. आता तिने त्याच्या ओटीतलं बियाणं आपल्या ओटीत घेतलं आणि चाड्यावर मूठ धरली.

"म्हादबा, हे काय करून ठेवलंस रे?"

"चुकलं, आक्का," म्हादबा म्हणाला. घामाने डबडबला होता. "सगळंच चुकलं माझं."

"ते दिसतंयच की. सर बाजूला."

बांधावर आधी एक जण हसला. मग दुसरा. मग सगळा बांध पोट धरून हसायला लागला, आणि त्या हसण्यात दोन्ही दुपारी आखडलेल्या माना मोकळ्या झाल्या. म्हादबाही हसत होता आणि हसता हसता रडत होता, कारण त्याचं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी जसंच्या तसं ऐकलं होतं. एका गड्याने उडी मारून दांडा धरला. दोघे तिघे बैल आणायला पळाले. तासाभरात टेकडीखालच्या प्रत्येक रानात पाभर चालू लागली, आणि कुणाचा फण मोडला की म्हादबाच्या नावाने हाक यायची. महाराज म्हणून नाही, सुतार म्हणून. तो लाकूड तासायचा वाकस घेऊन या रानातून त्या रानात धावत होता. इतका सुखी तो हारांच्या ढिगाखाली कधी झाला नव्हता.

चार दिवसांत पेरणी उरकली. ओल पुरली. शाळू उगवला आणि बघता बघता कमरेएवढा झाला. टेकडीवरचं गुरुवारचं भजन काही बंद पडलं नाही. लोकांना एकत्र बसून गाण्याची गोडी लागली होती, ती कशाला सोडायची? म्हादबाही टाळ घेऊन येऊन बसायचा, इतरांसारखाच.

केरोबा मात्र गप्प गप्प असायचा. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते पाहून म्हादबानेच त्याला विचारलं की बाबा, हुरडा कधी होईल तेवढं काढ. कोवळ्या ज्वारीची कणसं भाजून खायची, तर दाणा नेमका भरलेला हवा. केरोबाचा चेहरा उजळला. रोज रानात जाऊन, पेरं मोजून त्याने पौषातली एक तिथी काढली. गावाने लेकीजावयांना, सोयऱ्यांना आवतणं धाडली. ठरल्या दिवशी चार गावांतून बैलगाड्या आल्या. शेणी पेटवून आगटी फुलवली, चटण्या वाटल्या, आणि राहीआक्काने पहिलं कणीस तळहातावर चोळलं.

दाणा फुटून पांढरं पाणी निघालं. हुरडा व्हायला आठ दिवस तरी होते.

सगळे केरोबाकडे वळले. पाहुणेसुद्धा.  केरोबाचे ओठ हलत होते, अंगठा पेरांवरून फिरत होता, आणि क्षयतिथी हा शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आलेला म्हादबाला स्पष्ट दिसला. तो एकदा सुटला की लोक माना डोलावतील, आणि परत तेच सगळं. म्हादबाने मदत करायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. हे ज्याचं त्यानेच करायचं असतं.

केरोबाचा अंगठा थांबला.

"दाणा भरलेला नाही," तो म्हणाला.  "माझं मोजणं चुकलं."

एवढंच. कुणी त्याच्या पाया पडलं नाही आणि कुणी त्याला बोललंही नाही. राहीआक्काने हात पदराला पुसले आणि आठ दिवस पाहुण्यांची जेवणं कुणाकुणाकडे ते लगेच वाटून दिलं. एकीने आगटीत वांगी टाकली, दुसरीने शेंगा आणल्या, जावयांनी बैल सोडले. म्हादबाने सरकून आपल्या घोंगडीवर केरोबाला जागा करून दिली आणि भाजलेल्या शेंगांची ओंजळ त्याच्या पुढ्यात ओतली. आठ दिवस तो गाव नुसता गात होता. नवव्या दिवशी हुरडा झाला, आणि असा गोड हुरडा आपण जन्मात खाल्ला नाही असं चारही गावं म्हणाली.

यातलं तात्पर्य लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी लक्षात ठेवावं: भाकीत चुकलं म्हणून गाव बुडत नाही, चूक झाकण्यात पेरणीचे दिवस गेले की बुडतं, म्हणून "माझं चुकलं" हे ओल आहे तोवर म्हणावं, आणि म्हणणाऱ्याला आपल्या शेजारी बसायला जागा द्यावी.