जन्माचा ढोल

आज कुणाच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, आफ्रिकेतल्या नदीकाठच्या एका राज्यात ढोलावरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं.

“ढोलाचं टिपरू सोड, आजी!” राजाचा प्रधान ओरडत होता.

“आधी बाळ दाखव, मग टिपरू माग,” ढोल राखणारी म्हातारी म्हणाली. “माझ्या नातीचे दिवस भरत आलेत. हा ढोल तिचा आहे.”

त्या गावात ढोल एकाच कारणानं वाजे. एखादीला कळा सुरू झाल्या की. तो ऐकून पलीकडच्या तीरावरची सुईण होडी हाकत येई. आसपासच्या बाया दूध, पीठ घेऊन येत.

पण राजाला देशोदेशींचे पाहुणे हवे होते. पाहुणे आले की मीठ येतं, कापड येतं, रिकाम्या हातांना काम मिळतं. असं प्रधान सांगे, आणि ते काही खोटं नव्हतं.

“एवढ्या लांबून येतात बिचारे. ढोल नाही तर काय दाखवू त्यांना? तुझं सुरकुतलेलं तोंड?”

“दाखव की. पाणघोड्यापेक्षा बरंय!”

गाव हसलं, पण मिठाकडे बघून प्रधानाच्या बाजूला झुकलं. टिपरू म्हातारीच्या हातून गेलं. ढोल रोज वाजू लागला, पाहुणे टाळ्या पिटू लागले.

पहिल्या दिवशी सुईण धापा टाकत आली. “कोण अडलीय?”

“कुणी नाही. पाहुणे आलेत.”

दुसऱ्या दिवशीही आली, प्रधानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. मग यायचीच थांबली.

आणि एका दुपारी नातीला कळा सुरू झाल्या. म्हातारीनं टिपरू हिसकावलं आणि हाताला फोड येईपर्यंत ढोल बडवला. नदीवर होडी दिसेना.

“वा! आज काय रंगलाय!” एक पाहुणा म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रधानानं म्हातारीच्या फोड आलेल्या हातांकडे पाहिलं. खांद्यावरची मानाची शाल फेकून तो होडीत चढला आणि जीव खाऊन वल्ही मारत सुटला.

बऱ्याच वेळानं नदीवरून आधी सुईणीच्या शिव्या ऐकू आल्या, मग होडी दिसली. इतक्या गोड शिव्या म्हातारीनं जन्मात ऐकल्या नव्हत्या.

सूर्य मावळायच्या आत बाळ रडलं. म्हातारी मटकन खाली बसली आणि हसत सुटली. पाहुण्यांच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. कुणी न सांगता ते पाण्याचे घडे भरून आणत होते. रात्रीची बाजरीची पेज ते गावासोबत जेवले. घरी परतल्यावर त्यांनी त्या पेजेच्या गोष्टी सांगितल्या, आणि पुढच्या वर्षी आणखी पाहुणे आले.

प्रधान तरी कुरकुरलाच. “आजी, यांना ढोल ऐकायचाय. बाळ होईपर्यंत यांना बसवून ठेवू?”

म्हातारीनं टिपरू कमरेला खोचलं.

“बसव की, पेज खातील, पाणघोडे बघतील, पण पोरा, पाहुण्याला आपलं जगणं दाखवावं, पाहुण्यासाठी ते खोटं करू नये.”