तोमाईची हाक

माणसाला नांगर ठाऊक नव्हता, चाकही कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेला, जिथे डोंगरांवरचं बर्फ कधीच पुरतं वितळत नाही, तिथे एका नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एक वस्ती होती. नदी इतकी अरुंद, की एक ओंडका आडवा टाकला की झालं. या काठाची पोरं त्या काठावर जेवायची आणि कुणी शोधायलाही जायचं नाही.

त्या वस्तीत तोमा नावाची सुईण होती. सगळे तिला तोमाई म्हणत. वस्तीतली बहुतेक माणसं तिच्याच हातावर जन्मली होती, आणि प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा त्याच्या कानात सांगितलं होतं तेही तिनंच.

एका उन्हाळ्यात नदी आटत गेली. फार वर, एका घळीत बर्फाचा कडा सरकून आडवा बसला होता आणि त्याच्यामागे पाणी तुंबत होतं. डोंगराएवढं खोल तळं झालं होतं, असं म्हणतात. खालच्यांना याचा पत्ताच नव्हता. डबक्यांतले मासे हातानं धरता येत होते, म्हणून सगळे खुशीत होते. तोमाईची लेक निरूही मासे वाळवायला पलीकडच्या काठावर गेली होती.

त्याच दिवशी ओसा नावाच्या पोरीला कळा सुरू झाल्या. बाळंतपण वरच्या गुहेत करायची रीत होती. तोमाई तिला घेऊन वर चढली, सोबत काही बाया गेल्या.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आधी जमीन थरथरली. मग वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. आणि त्याच्यामागून पाणी आलं. वाहत नव्हे, उभं आलं. झोपड्यांएवढे बर्फाचे तुकडे आणि मुळांसकट झाडं घेऊन आलं. लख्ख ऊन पडलेलं होतं आणि त्या उन्हात सगळी वस्ती गेली. गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायांना ओरडताही आलं नाही. आत त्याच वेळी ओसाचं बाळ जन्मलं, आणि त्याचं रडणं कुणाला ऐकू आलं नाही.

पाणी सरलं तेव्हा खाली ओळखीचं काही उरलं नव्हतं. चुलींच्या जागी उघडा खडक होता. नदी मैदानाएवढी रुंद झाली होती. जे कडेला पळून वाचले होते, ते येऊन नुसते बसले. वस्तीचा म्होरक्या खरपा एक दगड मांडीवर घेऊन बसला होता आणि तो कुणाला घेऊ देत नव्हता. कुणी रडेना, कुणी बोलेना. पलीकडे धूर दिसत होता, म्हणजे माणसं होती. पण कोण होती, ते इतक्या लांबून कळेना.

तेव्हा तोमाई पाण्याच्या कडेला गेली आणि तिनं ओसाच्या नवऱ्याच्या नावानं हाक मारली.

“लाखूऽऽ.”

बराच वेळ काहीच नाही. मग पलीकडून बारीक आवाज आला, “ओऽऽ.”

ओसा तेव्हा पहिल्यांदा रडली. तिच्यामागून सगळे रडले.

तोमाई रोज हाका मारू लागली. कुणाची ओ यायची, पुष्कळांची यायची नाही. तिच्या हाकेसाठी नदी आपला आवाज दाबून धरायची, असं म्हणतात. खरपानं तिला अडवलं. गेलेल्यांना हाक मारली तर ते परत येतील, अशी त्याला भीती होती.

तोमाई म्हणाली, “आले तर येऊ देत. हाक मारल्याशिवाय त्यांना गेले कसं म्हणू?”

पण एक नाव ती घेत नव्हती. ओसानं एकदा हळूच विचारलं, “तोमाई, निरूचं राहिलं.”

“ते उद्या,” तोमाई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली.

हाका मारून मारून तिचा घसा बसला, तेव्हा एके सकाळी ओसाच बाळाला कडेवर घेऊन काठावर उभी राहिली आणि तिनं निरूला हाक मारली. पलीकडे निरू नव्हती. पहिल्या लोंढ्यातच ती गेली होती, आणि ते तिथल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती हाक रिकामी परत पाठवणं कुणाच्यानं होईना. पलीकडचा सगळा काठ, पोरं, म्हातारे, लाखू, एकदम म्हणाले, “ओऽऽ.”

एका गळ्याचा आवाज तो नव्हता. तोमाईला कळलं. ती खाली बसली आणि ओल्या वाळूवर तिनं तोंड टेकलं. फार वेळानं उठून ती एवढंच म्हणाली, “असंच करा. कुणाचंच नाव रिकामं ठेवू नका.”

पुढे दोन काठांची दोन गावं झाली, दोन्ही उंच चढावर. नदी ओलांडण्याजोगी व्हायला कित्येक पिढ्या गेल्या, तोवर त्यांच्या बोलीही वेगळ्या झाल्या. आता एका गावाला दुसऱ्याचं बोलणं धड समजत नाही. नावं मात्र तीच राहिली आहेत. नदीचं पाणी उतरलं की दोन्ही गावं अजून काठावर येतात आणि एकमेकांना नावानं हाका मारतात. जो असतो तो ओ देतो. जो त्या वर्षी गेलेला असतो, त्याच्यासाठी पलीकडचा सगळा काठ ओ देतो. आणि घरचं माणूस गेलेली बाई त्या वेळी वाळूवर बसलेली असते, तिला कुणी उठवत नाही.