म्हाळूचा खळगा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे मीठ अजून बैलांच्या पाठीवरून घाट चढत होतं त्या काळी, हिवरतळे गावात म्हाळू नावाचा एक आचारी राहत होता. हिवरतळे कुठं, असं विचाराल, तर घाट चढून वर आलं की माणूस दम खायला जिथं पहिल्यांदा बसतं, तिथं. मी धण्या-मिरचीची पोती घेऊन पुष्कळ बाजार फिरलो आणि चांगलंचुंगलंही पुष्कळ खाल्लं. पण कुठल्याही बाजारात जेवणाचा विषय निघाला आणि कुणी बोटं चाटत बढाई मारायला लागला, की एखादा म्हातारा हमखास म्हणायचा, "असंल बाबा. पण म्हाळूची आमटी न्हवं ती." गंमत अशी, की त्या म्हाताऱ्यानं ती आमटी खाल्लेली नसायची. त्याच्या बापानंही नसायची. खाणाऱ्याच्या जिभेवरून न खाणाऱ्याच्या जिभेवर उतरत आलेली चव ती.

म्हाळूचं खोपट तळ्याच्या बांधाखाली होतं. पुढं मिरच्यांचे वाफे, मागं कांदे, आणि घरात बायको ठकूबाई. तिची जीभ त्या मिरच्यांपेक्षा तिखट होती, असं म्हणतात. गावातलं कुठलंही मोठं जेवण म्हाळूच्याच हातचं. तो मीठ चाखून घालत नसे. कढईकडं कान करून उकळीचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "आता मागतीया." मग एक मूठ टाकायचा, आणि ती मूठ कधी चुकली नाही, असं म्हणतात.

हिवरतळ्याच्या दोन रीती होत्या. गावकीचं काम, मग तो बांध असो की वाट, सगळ्या गावानं एका कढईचं खाल्ल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. आणि पंगतीत पाटलानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. जोवर पाटील एक होता, तोवर दोन्ही रीती सुखानं चालल्या.

मग थोरले पाटील वारले. मागं दोन मुलगे, हैबती आणि येसाजी, तेही जुळे. त्यांच्यात आधी कोण जन्मलं हे आईला ठाऊक होतं आणि सुईणीला ठाऊक होतं, आणि दोघीही केव्हाच गेलेल्या. हैबतीनं वरची आळी धरली, येसाजीनं खालची. दोघंही म्हणाले, "पहिला घास माझा." बाहेरगावचे लोक हसायचे, एका घासावरून कुणी भांडतं का म्हणून. पण तो घास नव्हता, पाटीलकी होती. गावदेवीचा भंडारा बंद पडला. लग्नाची जेवणं दारं लावून होऊ लागली. भाऊ समोरासमोर आले तर एक जण वाट सोडून शेतात उतरायचा.

तशात बांध पोखरला. खेकड्यांनी आतून बिळं केली आणि तळ्याचं पाणी खालून पाझरायला लागलं. हे आधी कळलं ठकूबाईला.

"अवं, चुलीत पाणी आलंया," ती म्हणाली. "बांध फुटला तर आदी आपलं खोपट जाणार, मग खालची शेतं, आन् उन्हाळ्यात सारं गाव घागरी घिऊन रडत बसणार."

"पाटलास्नी सांगतो."

"कुठल्या? दोघं बी इचारतील, आदी मला सांगितलंस का त्याला?"

तसंच झालं. बांध बुजवायला दोघंही तयार होते. पण त्याआधी गावानं एकत्र जेवायला हवं, आणि जेवायचं तर पहिला घास कुणाचा? शेवटी जाणत्यांनी तोड काढली. दोघा भावांनी पंगतीच्या डोक्याला शेजारी शेजारी बसावं, शिंगाड्यानं शिंग फुंकावं आणि त्या आवाजाला दोघांनी एकदम घास घ्यावा. म्हाळूनं कढई चढवली. पंगत बसली. शिंगाड्यानं गाल फुगवले, आणि शिंग वाजायच्या आतच घास उचलला गेला. कुणी उचलला? वरची आळी म्हणाली येसाजीनं, खालची म्हणाली हैबतीनं. शिव्या झाल्या, पागोटी उडाली आणि भरल्या पानांवरून गाव उठलं.

तुडवलेल्या भाकरी म्हाळूनं धोतराच्या सोग्यात गोळा केल्या आणि गुरांना घातल्या. ठकूबाई म्हणाली, "झालं समाधान? चला, बोचकं बांधते. ह्या गावाला पान्यात बुडायचं हाय, बुडू द्या."

"आजून येक डाव," म्हाळू म्हणाला. "गाव न्हाई जेवलं तर तू म्हनशील तिकडं जाऊ."

त्यानं गावात निरोप धाडला : "घासाचं तुमचं तुमी बघा. मी आमटी करतो. ही शेवटली."

आता त्या आमटीबद्दल सांगायचं तर माझा धंदाच मसाल्याचा, तरी शब्द पुरत नाहीत. बाभळीच्या निखाऱ्यात त्यानं अख्खे कांदे पुरले आणि खोबऱ्याच्या वाट्या काळ्या होईस्तोवर भाजल्या. धणे, दगडफूल, सुंठ, मिरी, सगळं ठकूबाईनं पाट्यावर वाटलं, आणि वाटताना ती तोंडातून एक अक्षर बोलली नाही. ही त्या दिवसाची पहिली नवलाई, असं म्हणतात. फोडणी पडली तेव्हा घाट चढणारे मिठाचे बैल जागच्या जागी थांबले आणि नाकपुड्या फुगवून उभे राहिले. अंथरुणाला खिळलेले म्हातारे काठी न घेता चालत आले. नवस करून उपाशी राहिलेल्या एकीनं देवीची तिथल्या तिथं माफी मागितली. घराघरातून बायका भाकरीची चवड घेऊन निघाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पंगत बसली. तेव्हा आमटीला वाट्या नसत. प्रत्येकानं आपल्यापुढं जमिनीत खळगा करायचा, त्यात पत्रावळ दाबून बसवायची, भाकरी कुस्करायची आणि वर आमटी घ्यायची. दोघे पाटील पंगतीच्या डोक्याला, गुडघ्याला गुडघा लावून बसले, कारण दुसऱ्या जागेवर बसायला कुणीच तयार नव्हता. दोघांची नजर एकमेकांच्या हातावर.

आणि म्हाळू आमटीची घागर आणि वाढायचं ओगराळं घेऊन निघाला तो उलट्या टोकाला गेला. तिथं गुराखी बसलेले, मीठवाले बसलेले, वाटसरू बसलेले. ह्यांच्यापर्यंत येता येता दर खेपेला आमटीत पाणी पडलेलं असायचं. त्यांच्यापासून त्यानं वाढायला सुरुवात केली.

"म्हाळ्या!" हैबती ओरडला. "उलटा का रं?"

"पाटील, मान पयल्या घासाचा हाय," म्हाळू म्हणाला. "पयल्या ओगराळ्याचा कुठं हाय?"

रीत मोडली नव्हती. जिथं जिथं वाढलं तिथले लोक भरल्या खळग्यापुढं हात आवरून बसले होते, नुसते गिळत होते. म्हाळू अगदी सावकाश येत होता. घागर संपली की कढईकडं जायचा, परत यायचा, सढळ हातानं वाढायचा.

एक सांगतो, हे मी दुकानात बसून शिकलो. पोतं भरलेलं असलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं. पोत्याचा तळ दिसायला लागला की भाव विचारायचं विसरतं. हळूहळू दोन्ही पाटलांची नजर एकमेकांच्या हातावरून सुटली आणि ओगराळ्यावर जडली.

"हैबत्या," येसाजी पुढं बघतच पुटपुटला, "पुरंल का रं?"

एवढ्या वर्षांत भावाशी बोललेले त्याचे ते पहिले शब्द, असं म्हणतात.

"त्या मीठवाल्याच्या खळग्यात बघ किती वतली," हैबती म्हणाला. "ह्याला अंदाजच न्हाई."

"आरं, कढई खरवडतोय त्यो!"

म्हाळू शेवटची घागर घेऊन दोघांपुढं आला. घागर तिरकी केली. एका खळग्यापुरती आमटी होती.

"येकाचीच हाय," तो म्हणाला. "कुनाला वाढू?"

तिकडं बांधाखाली पाणी पाझरत होतं, आणि कढईपाशी ठकूबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. हैबती येसाजीकडं बघेना, येसाजी हैबतीकडं.

म्हाळू खाली बसला. दोन खळग्यांमधली माती त्यानं ओगराळ्यानं उकरली, दोन्हींचा एक खळगा केला, त्यात एकच मोठी पत्रावळ दाबली आणि घागर उपडी केली.

"खा," तो म्हणाला, "न्हाई तर उठा. मी काय आता परत चूल पेटवायचा न्हाई."

तेव्हा त्या आमटीतून अशी वाफ उसळली, की डोक्याकडचं कुणालाच काही दिसेना. सगळं गाव डोळे ताणून बघत होतं, पण वाफेत कुणाचा हात आधी गेला हे एकालाही सांगता आलं नाही, असं म्हणतात. वाफ विरली तेव्हा दोघांचीही तोंडं भरलेली होती.

"तिखट झालीया," येसाजी डोळे पुसत म्हणाला.

"व्हय," हैबती म्हणाला. "लई तिखट."

खाल्लेल्यांनी पुढं सांगितलं, की ती मुळीच तिखट नव्हती.

मग गाव जेवलं. एका खळग्यापुरती ती आमटी दोघा भावांना उन्हं कलेपर्यंत सरली नाही, असं म्हणतात. जेवून उठलेली माणसं हात धुऊन सरळ बांधाकडं गेली, दगड आणि चिकणमाती वाहायला लागली, आणि पावसाळ्याच्या आत बांध पक्का झाला.

ठकूबाई नंतर बाजारात सगळ्यांना सांगायची, "ह्यांचा अंदाज चुकला, दुसरं काय!" म्हाळूचा अंदाज त्याआधी कधी चुकला नव्हता आणि नंतरही चुकला नाही. मापं करण्यात माझा जन्म गेला. मला विचाराल, तर ते चुकलेलं माप नव्हतं.

म्हाळू गेल्यावर तोच मसाला, तीच कढई घेऊन अनेकांनी आमटी केली. त्या दिवशी जेवलेले लोक ती खायचे, बरी आहे म्हणायचे आणि गप्प व्हायचे. येसाजी वारल्यावर हैबतीनं आमटी सोडलीच. म्हणायचा, "येकट्याच्या खळग्यात ती उतरत न्हाई."

हिवरतळ्याची पंगत आजही शेवटच्या माणसापासून वाढतात. भंडाऱ्याला आता सगळ्यांपुढं स्टीलची ताटं असतात. फक्त डोक्याच्या जागेपुढं माती मोकळी ठेवतात. ती जागा कुणा मानकऱ्याची नाही. त्या साली गावात ज्या दोघांचं बोलणं बंद असेल, त्यांना हाताला धरून तिथं बसवतात. दोघांनी मिळून एक खळगा खणायचा, त्याला म्हाळूचा खळगा म्हणतात, आणि शेवटचं ओगराळं त्यात. तोवर कुणी जेवायचं नाही.

गेल्या साली मी होतो तेव्हा पिठाच्या गिरणीचा मालक आणि त्याचा साडू बसवले होते. दोघांची तोंडं दोन दिशांना. माती उकरत होते, पण वरवर. आमटी जवळ येत चालली. शेवटी गिरणीवाला चिडून म्हणाला, "अरे, खोल कर की जरा! सगळी सांडेल."

साडूनं बाह्या सारल्या आणि खोल केला.